तासांची वही

शनिवारी अकराला शाळा सुटते,
साडेअकराला सेवा मंडळ भरतं.
मधल्या अर्ध्या तासात
बावीसचे चौदा होतात.
उरलेले आठ बंदराकडे जाताना दिसतात मला,
चुकून तिकडे वळल्यासारखे.

वही मी आखली. लाल शाईने, फूटपट्टी धरून.
नाव, काम, तास, सही.
वर्षाला चाळीस तास भरले की प्रमाणपत्र,
त्यावर समुद्रातून उगवणारा सूर्य.
छापखाना कुठला कोण जाणे.
दाभोळच्या समुद्रात सूर्य फक्त बुडतो,
हे पोरांनी पहिल्याच दिवशी दाखवून दिलं.

पहिलं काम किनारा.
एकोणीस गोणी भरल्या, फोटो काढला.
सोमवारी भरती ओसरली तेव्हा
तसल्याच बाटल्या, तसल्याच चपला,
आणि डाव्या पायाचा एक बूट,
जो आपण स्वतः गोणीत घातला होता
असं मुझम्मिल शपथेवर सांगतो.
गोणी गेल्या कुठे, म्हणून ग्रामपंचायतीला अर्ज केला.
मराठीच्या तासाला, ऱ्हस्वदीर्घ तपासून.
उत्तर यायचंय.

मग दारोदार विचारत गेलो, काय मदत करू?
भिकाजी तांडेल म्हणाले, बसा.
फाटकं जाळं पुढ्यात टाकलं.
तीन शनिवार पोरं एक गाठ शिकत होती.
तास कुणाच्या नावावर मांडायचे,
पोरांच्या की तांडेलांच्या?

डिसेंबरात वरच्या पऱ्यावर बंधारा.
सिमेंटच्या रिकाम्या गोणी, माती, हातांची साखळी.
संस्थेचे अध्यक्ष आले. फलक बंधाऱ्याहून लांब होता.
तिसऱ्या रात्री कुणीतरी मधल्या दोन गोणी उपसल्या.
मी संतापले.
मुलं म्हणाली, "खेकडे, बाई," एवढंच,
आणि रविवारी न सांगता जाऊन पुन्हा लावल्या,
या वेळी कडेला थोडी वाट ठेवून.

दीक्षिता पालशेतकर आमची चिटणीस.
सगळ्यांचे तास तीच मांडते. स्वतःचे अकरा.
फेब्रुवारीत मी म्हटलं, तूच मागे कशी गं?
तिने पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.
"बाई, पहाटे चारला आईबरोबर कोळंबी सोलायला बसते.
मग घरचं पाणी, तीन खेपा.
मग शेजारच्या काकूंचं. त्यांना चढ चढवत नाही. दोन.
हे कुठल्या रकान्यात?"

तक्रार नव्हती तिच्या आवाजात.
चिटणिसाला पडावा तसा प्रश्न, रकान्याचा.

काकूंचे तास धरायचे आणि घरचे नाहीत?
की दोन्ही? की सोलण्याचे पैसे मिळतात म्हणून ते वजा,
आणि पैसे आईच्या हातात पडतात म्हणून पुन्हा अधिक?
बी.एड.ला मी पहिल्या वर्गात पास झालेय.
धोपाव्याहून फेरीबोट सुटून
इकडच्या धक्क्याला लागेपर्यंत
आम्ही दोघी गप्प होतो.

शेवटी म्हटलं, पेन्सिलने लिही.

आता वहीत शाईपेक्षा पेन्सिल जास्त.
मुझम्मिल: अब्बांचं इन्सुलिन, रोज, पाच मिनिटं.
कुणी: भावाला निजवणे.
कुणी काम लिहून खोडलंय इतकं, की कागद फाटला,
तास तेवढे ठेवलेत. सहा.
आणि मागच्या पानावर, मंडळात कधी न दिसलेल्या अक्षरात:
होडीवर, बाबांच्या जागी. त्यांचा हात मोडलाय.
तारखा सगळ्या शनिवारच्या.

मार्चअखेर तालुक्याला अहवाल जायचा. एकूण तास.
तीनदा बेरीज केली, तीनदा वेगळी आली.
पानाला कोळंबीचं एक साल चिकटलंय, वाळून काचेसारखं,
त्याखालचा आकडा तीन असेल किंवा आठ.

दीक्षिताला म्हटलं, सोमवारी जरा लवकर ये,
दोघी मिळून बघू.
ती म्हणाली, "किती लवकर, बाई?
दुसऱ्या खेपेनंतर, की तिसऱ्या?"