डबा

तपकीर गल्लीत माझं दुकान,
दुकान म्हणजे जिन्याखालची जागा.
मिक्सर, टेबलफॅन, कधी कुणाचा बंद रेडिओ.
वेल्ह्याहून फोन आला तेव्हा सोल्डरगन तापत होती.
"ऑक्सिजनचं मशीन बघाल का?"
बघतो म्हटलं.
तोवर कधी पाहिलं नव्हतं.

स्टोअररूममध्ये सहा उभी, प्लास्टिकसकट,
साथीच्या वर्षी कुणीकुणी दिलेली.
कुलूप, रजिस्टर, सही.
एकाच्या मागे पालीची अंडी,
एकावर हार, वाळून गवत झालेला.
जगदाळे सिस्टर म्हणाल्या,
"फोटो काढले तेव्हा चालत होती."

वॉर्डात एकच सिलिंडर, काटा लालपाशी.
दुसरा पुण्याहून निघालाय.
निघालाय म्हणजे
पाबे घाटात असेल, नाहीतर नसरापूरला चहा पीत असेल.

खाटेवर हिलमांची सावली, चौदा महिन्यांची.
आई म्हणाली, "डबा झालाय."
डॉक्टरांच्या कागदावर न्यूमोनिया.
मला डबा कळला.
दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता,
कुणी पत्रा दाबावा
आणि सोडावा
आणि दाबावा, तसा.

बोटाचा चिमटा मोठ्या माणसाच्या मापाचा,
तिचं बोट त्यात हरवायचं.
सिस्टरांनी तो पायाच्या अंगठ्याला लावला,
वरून चिकटपट्टी.
त्र्याऐंशी.
मी म्हटलं, म्हणजे फर्स्टक्लास ना?
त्या काही बोलल्या नाहीत.

मग मी तिच्याकडे पाठ करून फरशीवर बसलो
आणि दुसरा डबा उघडला.
आत फार काही नसतं.
एक कॉम्प्रेसर, दोन नळकांडी,
त्यांत पांढरे दाणे, साबुदाण्याहून बारीक,
नायट्रोजन धरून ठेवणारे,
उरलेलं जाऊ देणारे.
चाळण. एवढंच.
हवा फुकट म्हणतात,
चाळायचे पैसे पडतात.

चार यंत्रांतले दाणे ओल धरून गेलेले.
पाचव्याचा कॉम्प्रेसर जाम.
सहाव्यात नुसता फिल्टर, काळा ठिक्कर,
आणि उंदरानं कुरतडलेली वायर.
नवा फिल्टर म्हणजे मागणीपत्र, तीन प्रतींत.
फिल्टर म्हणजे स्पंज.
बेसिनमध्ये साबणानं धुतला, पिळला,
पंख्यासमोर धरून उभा राहिलो
लहान पोराचं दुपटं वाळवावं तसा.

घरघर.
मग बाटलीत बुडबुडे.
सिस्टरांनी नळी गालाला चिकटवली, एक लिटर,
आणि तेव्हाच सांगून ठेवलं,
अडीचला लाईट जाते.

सत्त्याऐंशी. एकोणनव्वद.
परत सत्त्याऐंशी.
आई आकड्याकडे बघतच नव्हती,
तिचा हात पोटावर, खळग्यावर,
जणू भाकरी फुगते का ते चाचपत होती.
ब्याण्णव.

लाईट अडीचला नाही, दोन वाजून दहालाच गेली.
सिलिंडरची चावी फिरवली, काटा लालात शिरला.
किती वेळ, ते घड्याळात पाहिलं नाही.
खिडकीखाली टेम्पो थांबला,
मी आणि वॉर्डबॉय धावलो,
लोखंड पायरीवर आपटलं,
त्या आवाजानं ती रडली,
चांगली खणखणीत.

शनिवारी घरी गेली, सिस्टर फोनवर म्हणाल्या.
शेजारच्या खाटेचं मी विचारलं नाही.

कॉम्प्रेसर मांडीवर घेऊन बसलोय.
बाहेर कुणी चार्जरचा भाव करतंय.
वहीत तारखेपुढे लिहिलं:
डबा, एक, दुरुस्त.
बाकी पाच.