डावा अजून आला नाही

सव्वानऊ बाय आठची खोली, सिडकोतली.
पूर्वी इथे गव्हाची कोठी असायची.
आता एक खुर्ची, सतरंजी,
आणि फळीवर ते दोघे, एकोणनव्वद सालचे.
डाव्याच्या कडेला बोट लावलं
की फोमचा काळा भुगा.

एमजी रोडच्या दुकानात नवे ऐकून आलो.
तबल्यावर सरकणारं बोट ऐकू आलं,
गवयाने गिळलेला आवंढासुद्धा.
बोरस्ते म्हणाला, घेऊन टाक, राहिलंय किती आता?
किंमत ऐकून मी पाणी मागितलं.

घरी कपाटात कानाच्या डॉक्टरांचा कागद आहे.
चार हजारांपर्यंत रेघ बरी चालते,
पुढे एकदम कसाऱ्याचा घाट.
सातपूरला प्रेस शॉपमध्ये एकतीस वर्षं, दुसरं काय होणार.
नवे वाजणार वीस हजारांपर्यंत;
वरचं सगळं शेजारच्या मांजरीने ऐकायचं.
मग तो आवंढा मी ऐकला,
की दुकानदाराने सांगितला म्हणून ऐकला?

सुधामती म्हणाली, आधी भिंतीपासून पुढे तरी ओढा.
वीतभर ओढले.
घुमणारा खर्ज जरा ताळ्यावर आला.

काल डावा पिशवीत घातला,
स्कूटरवर पायांत धरून
भद्रकालीत खतीबमामूंकडे टाकला.
आठ दिवस लागतील म्हणाले, फोम बाहेरून येतो.

तोवर उजवा एकटाच.
मैफलीच्या जुन्या टेपमध्ये त्याच्या वाट्याला
पेटी, कुणाचा तरी खोकला, टाळ्या.
गाणारी बाई भद्रकालीत आहे,
मामूंच्या टेबलावर पालथी.