मुद्दा पाचवा

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, संध्याकाळी सहाला,
स्विंडनच्या दवाखान्यात, लसींच्या फ्रिजशेजारी
आम्ही सातजण बसतो. पेशंट ग्रुप.
बिस्किटं मॉरीन आणते, तक्रारी आम्ही.

सकाळी आठला न लागणारा फोन,
बंद पडलेली बस, रक्त तपासायला तीन आठवडे.
वर्षभर मी नुसती मान हलवली.

मार्चमध्ये बोललो.
म्हटलं, हिला विचारायचे, दुखणं दहापैकी किती?
ही म्हणायची, ठणका आहे. रात्री कळ येते,
मधेच चमक.
मी इंग्रजी करून सांगायचो: चार.
ठणक्याचे किती धरायचे, कळेचे किती,
मला तरी कुठे ठाऊक होतं.

फ्रिज गुरगुरत राहिला.
डॉक्टर ओकाफोरनी पेन खाली ठेवलं.
मॉरीन म्हणाली, सावकाश, लिहून घेते.
आणि 'ही' म्हणजे? नाव काय त्यांचं?

बेचाळीस वर्षांत चारचौघांत
घेतलं नव्हतं.
घेतलं.

आता नव्या फॉर्मवर आकड्यांखाली
दोन ओळी कोऱ्या सोडल्यात: तुमच्या शब्दांत सांगा.
इतिवृत्तातही आलंय सगळं, मुद्दा पाचवा.
फक्त नावाच्या जागी छापलंय, पामेला.

सभा दुरुस्त्यांनीच सुरू होते.
मंगळवारी पुन्हा घ्यावं लागेल.