खंयचो मासो

पुण्याहून आलेल्या गठ्ठ्यात एकशे वीस कार्डं:
छत्री, कुलूप, शिडी, बदक.
सदतिसावं, मासा.
नारिंगी, डोळे मोठे, तोंडातून तीन बुडबुडे.

भिकाजी खवणेकर, वय एकसष्ट, राहणार निवती,
छत्रीला छत्री म्हणाले, कुलपाला कुलूप,
आणि सदतिसाव्यापाशी थांबले.
मी दहापर्यंत मोजलं.
फॉर्मवर फुली. नाव सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फुली.
रेसिडेंटने एमआरआयवर बोट ठेवलं,
डाव्या कानाच्या वर, सुपारीएवढी गाठ.
"पोचली वाटतं तिथवर."

तिसऱ्या दिवशी तेच वैतागले.
"अगो, ह्यो खंयचो मासो?
असो मासो दर्यात नाय.
आसलो तर माका दाखव."

मी जतची. शैलजा बिरादार.
आमच्याकडे पाणीच टँकरमधून येतं.
मासा म्हणजे मासा, एकच शब्द,
तोही बालभारतीच्या पानावरचा.

पहाटे सडा उतरून बंदरावर गेले, मोबाइल घेऊन.
लिलाव चाललेला. टोपलीवर वाकले की
कुणीतरी ओरडायचं, "घेतलंस तर काढ फोटो!"
इसवण, कर्ली, तारली, सौंदाळा, शिंगाळा,
आणि लेप,
दोन्ही डोळे एकाच बाजूला, दुसरी बाजू कोरी.
अठ्ठावीस फोटो.
ओढणीला वास राहिला, मेसमध्ये दोघी
ताट उचलून पलीकडच्या टेबलावर गेल्या.

शुक्रवार. डोकं तीन खिळ्यांत धरलेलं,
कवटीचं झाकण काढून बाजूला,
आणि माणूस जागा.
हिरव्या कापडाच्या तंबूत त्यांचे दोन डोळे, माझे दोन.
पलीकडून डॉक्टर हेरवाडकरबाईंचा नुसता आवाज.

"एक."
"इसवण."
"दोन."
"कर्ली. काटे लय."
मेंदूवर आकड्यांच्या कागदी टिकल्या बसत होत्या,
मला दिसत नव्हत्या, मी फक्त कार्ड पालटत होते.
"पाच."
"शिंगाळो. ह्येचो काटो लागलो मगे हात सुजता."
भूलतज्ज्ञ हसले. कुणीतरी शू केलं.

"सात."
"ह्यो... ह्यो..."
ओठ हलले. डोळे माझ्या डोळ्यांत, काहीतरी मागणारे.
उजवा हात गादीवरून उठला
आणि हवेतल्या लेपाची कातडी
शेपटीकडून सरळ सोलत गेला.
"ह्यो..."
करंट बंद.
"लेपो," ते म्हणाले. "लेपो गो! लेपोच तर!"
स्वतःवरच खेकसले.

बाईंनी पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा नुसता हात.
मग बराच वेळ सक्शनची सुरसुर,
मग, "इथं थांबू या. ही कड राहू दे."

राहिली. नखाएवढी.
तिच्यासाठी आता कोल्हापूर, तीस दिवस, किरणं.
मुलगा बाहेर विचारत होता, सगळी का नाय काढलात?
बाई पेनने कागदावर गोल काढत होत्या,
गोलाच्या कडेला एक ठिपका, परत परत तोच गिरवत.
लेपाचं कार्ड माझ्या ॲप्रनच्या खिशात होतं.
दाखवावंसं वाटलं. नाही दाखवलं.

चौथ्या दिवशी वॉर्डात, डोक्याला पांढरी पट्टी,
पेजेची वाटी अर्धी.
"इतकी नावां इचारलंस माका.
तुझां नाव काय गो?"

सांगितलं.
त्यांनी ते तोंडात घोळवलं,
काटा आहे का बघावं तसं.

संध्याकाळी परत विचारलं.
फॉर्म टेबलावरच पडलेला होता.