खोलीत दुसरं कोणी असू नये

"वसूल झाले का, मॅडम?"
शालिकभाऊ विचारतो ठेल्यावरून, खर्रा घोटता घोटता.
एकोणचाळीस हजार पाचशे. परीक्षेचे वेगळे.
गुणपत्रिका पोस्टानं हवी तर आणखी सहाशे,
आणि पोस्टमननं चहाला मागितले ते धरलेच नाहीत.

पगार वाढला नाही, भाऊ.
ग्रामपंचायतीत मी तीच, संगणकवाली.
तेच जन्माचे दाखले, तेच मरणाचे,
नमुना आठ, घरकुलाची यादी.
सरपंचबाई विचारतात सही कुठे करू,
तिथे बोट ठेवते.
आता बी.कॉम. झालेलं बोट.

नागपूरला एकदा जाऊन आले, मुलाखतीला.
टाय लावलेल्या पोरानं कागद पाठीमागूनही पाहिला.
"कॉलेज कुठं आहे हे?"
मी पर्समधला मोबाइल दाखवला.
तो हसला. मीही हसले,
लाखांदूरची गाडी तीनची होती.
अर्ध्या तिकिटात गेले, अर्ध्या तिकिटात आले,
दिवस मात्र पूर्ण लागला.

शिकवायचे ते सर कोटात.
मागे पुस्तकांचं कपाट,
दुसऱ्या फळीवर एक पुस्तक उलटं.
तीन वर्षं कुणी सरळ केलं नाही,
तीन वर्षं माझा हात शिवशिवला.
धड्याच्या शेवटी सर म्हणायचे, "काही शंका?"
आणि चार सेकंद थांबायचे.
मी विचारायची.
तांदळातले खडे वेचता वेचता, मोठ्यानं.
चार सेकंदांत मावेल अशी शंका
आदल्या रात्रीच तयार ठेवायची.

मग परीक्षा. सूचना क्रमांक सात:
खोलीत दुसरं कोणी असू नये.
दुसरा चेहरा, दुसरा आवाज आल्यास पेपर रद्द.

आमच्या घराला खोली एक.
बाकी जे आहे त्याला आम्ही सैपाकघर म्हणतो,
ते ऐकून घेतं.
त्या दिवशी सासऱ्यांनी बाज उचलली,
खोकला घेऊन कापगत्यांच्या आंब्याखाली गेले.
नवऱ्यानं शेळी नाल्यापलीकडे नेली.
शरयू काडी घेऊन दारात,
कोंबडी येवो की पाटलीण, "माय पेपरात हाये."
आणि सासू, जाईबाई,
माझ्या लग्नापासून जिनं एक वाक्य संपवलेलं नाही,
ओट्यावर तोंडात पदर कोंबून बसली.

अकराला भंगारवाला आला, भोंगा लावून.
ती धावली.
"सून पेपरात हाये बाप्पा, बंद कर थे."
तो ऐकेना. म्हणाला, धंद्याचा टाइम आहे.
तेव्हा तिनं माहेरची गुंडी दिली त्याला,
चेपलेली, पण पितळेची.
गप्प बसण्याचे पैसे.

हे मला संध्याकाळी कळलं.
आत एवढंच कळलं की शांत झालं.
अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या घरात मी एकटी.
चोविसाव्या प्रश्नापाशी बोट थांबलं.
कवेलूंच्या फटीतून ऊन पडलं होतं पायावर,
ते रोज पडत असणार.
पडद्यावर लाल अक्षरं आली:
आपण स्क्रीनकडे पाहत नाही आहात.

आता हिशेब मांडायला बसते
तर घसारा येतो मला, नफातोटा येतो,
गुंडी कुठे लिहू ते येत नाही.
घेणं की देणं.
सासूला विचारलं. ती म्हणाली, "फुटकी होती व."
आणि वाक्य तिथंच संपवलं.

परवा शालिकभाऊची पोरगी आली, अंजिरा,
मोबाइलमध्ये फॉर्मचा फोटो.
"भरू का ताई? बाबा म्हणते, तुले विचार,
वसूल होते का."
मी चष्मा पुसला.
म्हटलं, घरी खोल्या किती तुमच्या?