मिठाचा अंदाज

या रमजानात घरात रोजा नसलेली मी एकटीच.
डॉक्टर म्हणाले, पाणी तासातासाला.
मुनाफनं फ्रिजवर कागद चिकटवला,
सात, आठ, नऊ, दहा,
प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलीनं काढलेला एक ग्लास.
भर दुपारी पाणी पिताना मी उठून आत जाते,
ओट्याकडे तोंड करून पिते,
जशी कुणाच्या वाटणीतलं घेतेय.

"एक बरं झालं," रुमाना म्हणाली,
"इफ्तारीचं मीठ चाखायला आता कुणीतरी आहे."
बावीस वर्षं मी ते अंदाजानं घालत आले,
तीन बोटांच्या चिमटीवर भरवसा ठेवून.
आता असर झाली की ती पळी घेऊन येते,
फुंकर घालते, खाली हात धरते:
"अम्मी, बघ."

मी बघते.
जिभेवर नाणं ठेवलंय कुणीतरी,
दुसऱ्या डोसापासून ते तिथंच आहे.
डाळ, खजूर, कालवण, सगळं त्या नाण्यावरून घसरत जातं.
मी म्हणते, "बरोबर आहे."
कधी खरं वाटावं म्हणून, "किंचित कमी."
सोळा वर्षांची पोर, दिवसभराची उपाशी,
माझ्या जिभेवर विश्वास ठेवून वळते.

सुटलेल्या रोजांचा फिदया मुनाफनं तळमजल्यावर
हारिसच्या हातात दिला, पाकिटात, मोजून.
कुणाचे, ते सांगितलं नाही.
तरी दुसऱ्या दिवसापासून तो लिफ्टचं दार
मी येईपर्यंत धरून ठेवतो,
आणि माझ्या टोपीकडे न बघता
आकाशाकडे बघतो, सल्मियाच्या त्या पांढऱ्या आकाशाकडे,
जिथं ढगसुद्धा नसतो बघायला.

चांदरातीला श्रीवर्धनहून फोन.
"तुमची उद्या? आमचा अजून एक रोजा आहे गो."
दरवर्षी आमची ईद एक दिवस आधी येते,
दरवर्षी नणंद त्याचं नवल करते,
यंदाही केलं, अगदी तेवढंच,
त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.
रुमानानं मेंदी काढली.
डाव्या हाताच्या पाठीवर वेलीमध्ये चौकोन मोकळा सोडला,
चिकटपट्टीच्या मापाचा.
"जिन्सी सिस्टरला शीर दिसायला हवी ना,"
आणि मग नाक ओढलं, मेंदीच्या वासानं म्हणे.

सकाळी सांदणं फुगली.
माडी कुठली इथं, यीस्टवर,
पण फुगली.
मटणाची पळी माझ्यापुढे आली, मी म्हटलं, "किंचित कमी."
तिनं घातलं.
नमाजहून येऊन मुनाफनं विचारलं, मीठ बघितलंस?
मी म्हटलं, "किंचित कमी."
त्यानंही घातलं.

दस्तरखान. नवे कपडे. शिरखुर्म्याची वाटी.
मुनाफनं पहिला घास घेतला, चावला, गिळला,
आणि पाण्याचा ग्लास असा उचलला
जसा सहज उचलतात.
रुमाना ताटातल्या तुकड्याकडे बघत खात राहिली.
दोघंही खात होती, भराभर,
माझ्याकडे मात्र बघत नव्हती.
मी माझं नाणं चघळत बसले.

मग आठ वर्षांचा शादाब थुंकलाच.
"खारट! अम्मी, समुद्र आहे हा!"

मुनाफनं डोळे वटारले.
रुमानाचा हात तोंडावर.
मला आधी रडू आलं का हसू, आता आठवत नाही;
आठवतं ते एवढं, की पोटाच्या टाक्यांवर हात दाबून
मी खूप वेळ हलत होते,
आणि दोघं घाबरून उठली होती.

"रोज?" मी विचारलं. "महिनाभर?"
रुमाना म्हणाली, "रोज नाही. परवाची डाळ चांगली होती."
परवाच्या डाळीला माझ्यापुढे आणलंच नव्हतं.

शादाबला जवळ घेतलं. नवीन कुर्त्याला स्टार्चचा वास.
"सांग मला, खारट म्हणजे कसं?"
त्यानं बराच विचार केला.
"नाकात पाणी गेल्यावर लागतं तसं. पण गरम."
बरं, म्हटलं. ते आठवतंय मला.

मंगळवारी चौथा डोस.
खिडकीजवळची खुर्ची मिळाली तर समुद्र दिसतो,
रस्त्यापलीकडे, चिंचोळा.
पण आज ईद आहे आणि पातेलंभर मटण.
मी चार बटाटे मागवले, सुरी मागवली.
बटाटा मीठ ओढतो, हे जिभेला विचारावं लागत नाही.
जाड सोलू नकोस, मी रुमानाला म्हटलं,
बाजूला हो,
दे इकडं.