साडेचारचं पाणी

रविवारी सकाळी सात वाजता
मासुंद्याच्या काठावर आम्ही चौदा जण.
गळ्यात फीत, फितीला नाव.
माझ्या नावाखाली छापलंय, ज्येष्ठ नागरिक.
पैसे सुनेनं भरले. म्हणाली,
बघून या बाबा, आपलंच ठाणं.

चौतीस वर्षं मी ह्या गावाला पाणी सोडलं.
खांद्यावर लोखंडी चावी, माझ्या छातीएवढी उंच.
एकवीस आटे उघडले की चरई,
अर्धा आटा कमी पडला की ऑफिसात फोन.

ऋजुता टिपणीस, आमची वाटाडी, जेमतेम पंचविशीची,
मान वर करून बोलते.
आम्हीही माना वर करतो.
ती म्हणते शिलाहार, ती म्हणते श्रीस्थानक,
ती म्हणते ताम्रपट.
चिंचेनं घासलेल्या भांड्यांसारखे लखलखीत शब्द.
माझी नजर सवयीनं खाली:
हे झाकण नवं. हे तिरकं बसवलंय.
ह्याच्या पोटात सहा इंची बिडाची लाइन,
साहेबाच्या वेळची,
अजून टिपूस गळत नाही.

जांभळी नाक्याला अळूच्या जुड्या ओलांडत
पुढे किल्ला. म्हणजे तुरुंग.
म्हणजे आपल्यापुरती नुसती भिंत.
आत जाता येत नाही, ऋजुता सांगते, फोटोही नको.
मी आत गेलोय.
शहाण्णव साली बराकीमागचा व्हॉल्व्ह अडकला तेव्हा.
दारावर शिपायानं माझे पाने मोजून घेतले,
जाताना अकरा, येताना अकरा.
एक कैदी मला खड्ड्यातला चिखल उपसून देत होता.
हे पाणी येतं कुठून, म्हणाला.
भातसाचं, मी म्हटलं, शहापूरकडचं.
हां, म्हणाला,
आमचं गाव त्याच्या खाली आहे.
आणि पुन्हा घमेलं भरायला लागला.

हे मी सांगितलं नाही.
ऋजुताकडे वेळ कमी, पुढे चर्च, अग्यारी, सिनेगॉग.

टेंभी नाक्याच्या अलीकडे गॅलरीतून हाक आली,
अरे चावीवाल्या!
पेणकर बाई. केस सगळे पांढरे, आवाज तोच.
साडेचारचं पाणी पाच वाजता कुणी नेलं रे?
तू गेलास नि शिस्त गेली.
सगळे हसले. मीही.
शुक्रवारी मी त्यांच्या गल्लीला
दहा मिनिटं जास्त द्यायचो,
शनिवारी त्यांच्या घरी चूल नसायची.
लॉगबुकात ते कुठे सापडणार नाही.

उथळसरच्या वळणावर ऋजुता थांबली.
हातात नकाशा, घडीवर विरलेला.
इथे एक विहीर दिसते, म्हणाली,
पण नक्की जागा मिळत नाही.
कुणी चर्चच्या बाजूला म्हणतं, कुणी शाळेखाली.

मी चार पावलं मागे आलो,
इस्त्रीच्या टपरीच्या डाव्या पायाशी.
टाच आपटली.
इथे.

कशावरून, काका?

मीच बुजवली.
सही साहेबांची, हात माझे.
एकोणनव्वदचा डिसेंबर, सहा ट्रक डबर.
पाचवा ओतला तरी पाणी वर येतच होतं,
थंड, निवळशंख,
डबराच्या फटीफटीतून.

चौदा माना पहिल्यांदाच खाली.
इस्त्रीवाला भय्या दचकून बाजूला सरकला.
टपरीखाली बघायला लागला.
ऋजुतानं नकाशावर पेन्सिलीनं
एवढंसं वर्तुळ काढलं, वर माझं नाव लिहायला गेली.
नको, मी म्हटलं.

मग काय लिहू?

सहाव्या ट्रकाच्या आधी एक कासव वर आलं होतं.
पाठीवर शेवाळ, एका बाजूला कुणीतरी जुन्या काळी
पाडलेलं भोक, दोरी बांधायला असेल.
घमेल्यात घालून, वर ओलं पोतं टाकून
मी ते मासुंद्यात सोडलं.
बराच वेळ हललंच नाही.

ते लिही, म्हटलं.

साडेनऊ वाजले होते.
उथळसरचं पाणी बंद करायची वेळ.
खिशातल्या खिशात माझी मूठ
उजवीकडे वळत राहिली.